लिंका तुटल्यात की स्क्रिप्ट खोटं बोलतेय?

समजा, एका मराठी संकेतस्थळावर बाराशे लिंका आहेत. तुटक्या लिंका शोधणारी स्क्रिप्ट म्हणते, त्यातल्या दोनशे मेल्या. पहिल्या पाच ब्राउझरमध्ये उघडून बघाव्यात तर तीन धडधाकट. अशा वेळी दोन मोह होतात. एक म्हणजे अहवाल केराच्या टोपलीत टाकायचा. दुसरा म्हणजे 'या लिंका तपासू नकोस' अशी अपवादांची यादी करायची आणि ती दर आठवड्याला लांबवत न्यायची. दुसरा जास्त वाईट. वर्षभरात त्या यादीत खरोखर मेलेल्या लिंकाही जाऊन बसतात आणि कोणाला पत्ता लागत नाही.

खालचं सगळं पायथनमधल्या नेहमीच्या जोडगोळीला धरून आहे: पानं आणायला रिक्वेस्ट्स, एचटीएमएल वाचायला ब्यूटिफुल सूप. दुसऱ्या भाषेत लिहिलं असेल तरी दुखणी तीच, फक्त औषधांची नावं वेगळी.

लिंका तपासण्याआधी स्क्रिप्टचीच तोंडी परीक्षा घ्या. तीन पत्ते द्या. पहिला नक्की चालणारा, म्हणजे एक्झाम्पल डॉट कॉम. दुसरा डॉट इनव्हॅलिडने संपणारा कुठलाही पत्ता. १९९९ सालच्या आरएफसी २६०६ ने, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या एका दस्तऐवजाने, हे शेपूट राखून ठेवलंय, त्यामुळे असं डोमेन कधीच अस्तित्वात येणार नाही. तिसरा आपल्याच संकेतस्थळावरचं नसलेलं पान, कीबोर्डवर बोटं आपटून तयार केलेलं. उत्तरं अनुक्रमे २०० (पान मिळालं), डीएनएस सापडलं नाही (या नावाच्या डोमेनची नोंदच नाही), आणि ४०४ (सर्व्हर आहे, पण पान नाही) अशीच यायला हवीत.

दुसऱ्या पत्त्याला २०० आलं तर स्क्रिप्टचा दोष नाही. तुमचा इंटरनेटवाला नसलेल्या डोमेनसाठी स्वतःचं जाहिरातीचं पान पुढे करतोय, आणि त्या जोडणीवर एकही मेलेलं डोमेन कधी सापडणार नाही. डीएनएस बदला. कॅफेतलं किंवा स्टेशनवरचं वाय-फाय असेल तर वेगळा घोळ. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्थानकांवर फुकट वाय-फायची सुरुवात झाली, तेव्हापासून फलाटावर लॅपटॉप उघडून बसायची सोय झाली खरी, पण ओटीपी टाकेपर्यंत अशा जाळ्यावर प्रत्येक साधा एचटीटीपी पत्ता लॉगिनच्या पानाकडे वळवला जातो. मग एचटीटीपीच्या सगळ्या लिंका 'ठीक' आणि एचटीटीपीएसच्या (संकेतस्थळाची ओळख प्रमाणपत्राने पटवणाऱ्या) सगळ्या 'प्रमाणपत्र चुकीचं' असा अहवाल येतो. तिसऱ्या पत्त्याला २०० आलं तर त्याचं काय करायचं ते पुढे.

ही परीक्षा प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आपोआप व्हावी. नापास झाली तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं, अहवाल काढूच नये.

आता मुख्य संशयित. बहुतेक स्क्रिप्टा वेळ वाचवायला गेटऐवजी (म्हणजे अख्खं पान मागण्याऐवजी) हेड विनंती पाठवतात, म्हणजे पान नको, फक्त वरचे हेडर (पानाबद्दलची माहिती) द्या. कल्पना चांगली, पण समोरच्या सर्व्हरने हेडची कदर केली पाहिजे ना. काही सर्व्हर ४०५ देतात, काही ५०१, काही सरळ ४०३ किंवा ४०४, आणि काही उत्तरच देत नाहीत. म्हणून नियम साधा ठेवा: हेडला ४०० किंवा वरचा, म्हणजे चूक दाखवणारा, कुठलाही आकडा आला की लगेच गेट करून बघा, आणि निकाल गेटचाच धरा.

यातच रिक्वेस्ट्सची एक खोड आहे. तिथे गेट विनंती रीडायरेक्टच्या, म्हणजे 'पान दुसरीकडे गेलंय' या उत्तराच्या, मागे आपोआप जाते, हेड जात नाही. त्यामुळे हेड वापरणाऱ्या स्क्रिप्टला ३०१ (पान कायमचं दुसरीकडे गेलं) मिळतो, आणि '२०० नाही म्हणजे तुटकी' अशी अट लिहिली असेल तर एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेलेली प्रत्येक लिंक मेलेल्यांच्या यादीत जाते. अलाऊ रीडायरेक्ट्स हा पर्याय हेडला हाताने ट्रू करून द्यावा लागतो.

गेट करताना स्ट्रीम हा पर्याय ट्रू ठेवा, म्हणजे मजकूर मागितल्याशिवाय उतरत नाही. नाहीतर लिंकेच्या टोकाला ४० एमबीची स्कॅन केलेली पीडीएफ असली की ती अख्खी उतरवली जाते. मात्र स्ट्रीम चालू असताना उत्तर वाचून संपवलं नाही किंवा बंद केलं नाही तर जोडणी पुन्हा वापरायच्या जोडण्यांच्या साठ्यात परत जात नाही. शे-दोनशे लिंकांनंतर स्क्रिप्ट मंदावते आणि कारण कळत नाही. पायथनच्या विथ ब्लॉकमध्ये गुंडाळलं की उत्तर आपोआप बंद होतं आणि हा प्रश्न मिटतो.

टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघायची याची मर्यादा, दिलाय का, हेही बघून घ्या. रिक्वेस्ट्सला मुळात टाइमआउट नसतोच. सांगितला नाही तर ते बसून राहतं, अगदी रात्रभर. जोडणीसाठी ६ सेकंद आणि वाचनासाठी २० अशी जोडी बऱ्याच ठिकाणी पुरते. यातला वाचनाचा टाइमआउट म्हणजे एकूण वेळ नव्हे, दोन बाइट्समधली जास्तीत जास्त शांतता. दर १५ सेकंदांनी एकेक थेंब सोडणारा सर्व्हर या २० सेकंदांच्या जाळ्यात कधीच अडकत नाही. एकूण वेळेवर बंधन हवं असेल तर ते वेगळं लिहावं लागतं.

ब्राउझरमध्ये झटकन उघडणारी लिंक स्क्रिप्टला अडकलेली वाटते, याचं एक कारण आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, हेही असतं. समोरच्याने आयपीव्ही६चा पत्ता नोंदवलाय पण तो चालत नाही. ब्राउझर जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते जवळजवळ एकाच वेळी ठोठावतो आणि जो आधी उघडेल तो घेतो. रिक्वेस्ट्स एकामागून एक प्रयत्न करतं, आणि जोडणीचा टाइमआउट प्रत्येक पत्त्याला वेगळा लागतो. सहा सेकंद लिहिलेत आणि लागले बारा, असं दिसलं तर इथे बघा.

पुढचा गठ्ठा ४०३, ४२९ आणि ९९९ चा. या लिंका तुटलेल्या नाहीत. दार आतून बंद आहे. रिक्वेस्ट्स स्वतःची ओळख 'पायथन-रिक्वेस्ट्स' अशी करून देतं आणि कित्येक ठिकाणी एवढ्यावरच हाकललं जातं. युजर एजंटमध्ये, म्हणजे या ओळखीच्या ओळीत, स्क्रिप्टचं नाव आणि तुमच्या संकेतस्थळाचा पत्ता द्या. क्रोम असल्याचं सोंग करू नये, असं माझं मत. सोंग पकडलं गेलं की आयपीवरच बंदी येते आणि ती उठवायला कोणाच्या हातापाया पडायचं हेही कळत नाही. क्लाउडफ्लेअर या संरक्षक सेवेच्या मागे असलेल्या संकेतस्थळाने 'तू माणूस आहेस का' असं विचारलं असेल तर उत्तराच्या हेडरमध्ये सीएफ-मिटिगेटेड असतो आणि त्यात 'चॅलेंज' लिहिलेलं असतं. तो दिसला की लिंक 'अडवली' या खान्यात टाका, मेलेल्यात नको. ९९९ हा आकडा एचटीटीपीच्या कुठल्याही मानकात नाही. लिंक्डइन तो बॉटना देतं. त्याच्या मागे लागू नका.

४२९ म्हणजे तुम्ही घाई करताय. सोबत रिट्राय-आफ्टर हा हेडर असू शकतो आणि त्यात एकतर सेकंद असतात किंवा पूर्ण तारीख-वेळ. सेकंदच असणार असं गृहीत धरून त्याचा पूर्णांक करायला गेलेली स्क्रिप्ट तारीख आली की कोसळते. हे स्वतः लिहिण्यापेक्षा रिक्वेस्ट्स ज्यावर उभं आहे त्या यूआरएललिब३ चं रिट्राय वापरा, ते दोन्ही रूपं ओळखतं. इथे जुन्या स्क्रिप्टांना एक ठेच लागते: त्यातलं मेथड व्हाइटलिस्ट (कुठल्या विनंत्या पुन्हा करायच्या त्यांची यादी) हे नाव २.० आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, काढून टाकलं. आता त्याच्या जागी अलाउड मेथड्स. वर्षानुवर्षं चाललेली स्क्रिप्ट नव्या मशीनवर टाइपएरर देत पहिल्याच ओळीला आडवी झाली तर हे आधी बघा.

एकाच होस्टला, म्हणजे एकाच संकेतस्थळाच्या सर्व्हरला, एका वेळी एक किंवा दोनच विनंत्या, मध्ये एक सेकंद विश्रांती. वेगवेगळ्या होस्टसाठी मिळून आठ-दहा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) चालतील. लोकलच्या दारात सगळे एकदम घुसले की कोणीच आत जात नाही, तसंच हे.

यानंतर प्रमाणपत्रं. ब्राउझरमध्ये हिरवंगार, स्क्रिप्टमध्ये 'अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट'. याचं नेहमीचं कारण म्हणजे समोरच्या सर्व्हरने आपलं प्रमाणपत्र लावलंय पण मधली कडी, म्हणजे इंटरमीजिएट प्रमाणपत्र, सोबत पाठवलेलं नाही. क्रोम ती कडी स्वतः शोधून आणतं. पायथन आणत नाही. ओपनएसएसएल या सुरक्षित जोडण्या हाताळणाऱ्या साधनाच्या एस-क्लायंट आज्ञेला शो-सर्ट्स लावून बघितलं की साखळीत एकच प्रमाणपत्र येतंय हे लगेच दिसतं. सरकारी आणि निमसरकारी लिंका जास्त असलेल्या पानांवर हे हमखास भेटतं. यावर व्हेरिफाय फॉल्स करून, म्हणजे प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून, मोकळं होऊ नका. मग मुदत संपलेलं प्रमाणपत्रही 'ठीक' दिसतं, आणि वाचकाला मात्र ब्राउझरमध्ये लाल पाटी. ती हरवलेली मधली कडी उतरवून सर्टिफाय या विश्वासू प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याच्या प्रतीला जोडा आणि व्हेरिफायला त्या फाइलचा रस्ता द्या.

'अनसेफ लेगसी रीनिगोशिएशन डिसेबल्ड' अशी चूक आली तर गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३ ने जुन्या पद्धतीचं हस्तांदोलन बंद केलं. समोरचा सर्व्हर म्हातारा आहे आणि तुमचं मशीन नवं. लिंक जिवंत आहे, अहवालात 'जुना सर्व्हर' अशी नोंद करा आणि पुढे चला.

आणि स्क्रिप्ट धावते कुठे? गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या मशीनवर आपोआप, धावत असेल तर ते मशीन बहुधा भारताबाहेर असतं, आणि भारतातली काही सरकारी संकेतस्थळं बाहेरच्या आयपीला उत्तरच देत नाहीत. दादरच्या घरातून उघडणारी लिंक तिथून टाइमआउट होते. अशा लिंकांची दुसरी तपासणी भारतातल्या मशीनवरून करा. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या भाड्याच्या मशीनांचा मुंबई विभाग २०१६ पासून आहे, किंवा घरातला जुना लॅपटॉपही चालेल. वेळापत्रक लावताना गिटहबचं घड्याळ मुळात यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतं हेही ध्यानात असू द्या. मुंबईत रात्री २ वाजता धावायला हवी असेल तर तिथे २०:३० लिहायचं. '२' लिहिलंत तर ती सकाळी साडेसातला, लोक पानं वाचायला लागल्यावर सुरू होते.

मराठी पत्त्यांची खास दुखणी

इथपर्यंतच्या अडचणी जगभर सगळ्यांच्या. पुढच्या मात्र आपल्या घरच्या, आणि इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शिकेत सहसा सापडत नाहीत.

पत्त्यातलं देवनागरी अक्षर आधी यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) मध्ये तीन बाइट होतं आणि मग प्रत्येक बाइटचे टक्का चिन्हासकट तीन वर्ण. म्हणजे एक अक्षर किंवा एक मात्रा बरोबर नऊ वर्ण. वर्डप्रेस स्लग, म्हणजे पत्त्यातला शीर्षकावरून बनलेला तुकडा, २०० वर्णांवर कापतं, म्हणजे मराठीतली जेमतेम बावीस अक्षरं-मात्रा. स्लग अर्ध्या शब्दात तुटलेला दिसला म्हणून लिंक तुटकी समजू नका. उलट लेखाच्या शीर्षकावरून स्लग बनवून तो पडताळणारी स्क्रिप्ट असेल तर ती लांब शीर्षकांवर हमखास चुकणार.

रिक्वेस्ट्सची दुसरी खोड इथे चावते. सर्व्हरने मजकुराचा प्रकार टेक्स्ट सांगितला पण कॅरेक्टर सेट सांगितला नाही, तर रिक्वेस्ट्स तो आयएसओ-८८५९-१, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरांचा संच, धरतं. पानात कच्च्या देवनागरीत लिहिलेल्या लिंका मग कचरा होतात, त्या कचऱ्याचं पुन्हा यूटीएफ-८ होतं, आणि सर्व्हर प्रामाणिकपणे ४०४ देतो. ओळखायची खूण: देवनागरी पत्ता टक्का-ई०, टक्का-ए४ असा सुरू व्हायला हवा, तुमच्या लॉगमध्ये टक्का-सी३, टक्का-ए०, टक्का-सी२, टक्का-ए४ असं दिसत असेल तर हाच रोग. उपाय एका शब्दाचा: ब्यूटिफुल सूपला आर डॉट टेक्स्ट न देता आर डॉट कंटेंट द्या. कच्चे बाइट मिळाले की ते पानातला मेटा टॅग वाचून स्वतः ठरवतं. टक्क्यानंतर २५ वारंवार दिसत असेल तर रोग त्याचा चुलतभाऊ: आधीच एन्कोड केलेला पत्ता पुन्हा एन्कोड झालाय.

आणि मग 'ऱ्य'. 'लोकलच्या-फेऱ्या' असा स्लग घ्या. यातला फेऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ, हलन्त, य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच, भिंग लावूनही फरक कळणार नाही. पण पहिल्याचे नऊ बाइट, दुसऱ्याचे बारा, आणि सर्व्हरच्या दृष्टीने ही दोन वेगळी पानं. त्यातून मध्येच कोणी अदृश्य अक्षरं गाळणारी चाळणी लावली असेल तर दुसऱ्या रूपाचं 'फेर्या' होऊन बसतं. किनाऱ्यावर, पायऱ्या, दऱ्या, कर्मचाऱ्यांसाठी: जिथे जिथे हा पापणीसारखा रफार, तिथे हा धोका.

युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची पद्धत, इथे कामाला येत नाही. र अधिक नुक्ता असं दोन तुकड्यांत टाइप केलेलं असेल तर एनएफसी त्याचा एकच ऱ करतं, तेवढं ठीक. पण झेडडब्ल्यूजेवालं रूप आणि ऱ यांना ते एक मानत नाही.

तसंच 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ ला चंद्राची मात्रा लावत, कोणी मध्ये जोडक घालत, कोणी हिंदीतला ऍ वापरत. आजही सगळी रूपं जालावर नांदतायत आणि एनएफसी त्यांनाही एकत्र आणत नाही. त्यातून शुद्धलेखनाची मतभिन्नता वेगळीच: वडाळ्याशेजारच्या अँटॉप हिलवरचा लेख कोणी चंद्रबिंदू देऊन लिहिलाय, कोणी 'ॲन्टॉप' असा.

म्हणून एक छोटी तक्ता-फाइल ठेवा: ऱ्, र्-जोडक, ॲ, अ-मात्रा, अ-जोडक-मात्रा, ऍ. देवनागरी पत्त्याला ४०४ आलं की त्यातली रूपं आलटून-पालटून बघा. एखाद्याला २०० मिळालं तर अहवालात 'टंकनभेद' म्हणून बरोबर पत्त्यासकट नोंदवा. असे बदल स्क्रिप्टने स्वतः पानात करू नयेत. माणसाने बघून करावेत.

वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून चिकटवलेला मजकूर हे आणखी एक घरचं दुखणं. एचरेफमधल्या (लिंकेच्या टॅगमधल्या) पत्त्याभोवती सरळ अवतरणचिन्हांऐवजी वळणदार चिन्हं आली की ती पत्त्याचाच भाग होतात. पत्त्याच्या शेवटी टक्का-ई२, टक्का-८०, टक्का-९डी दिसलं की तोच प्रकार. शेवटी ८बी असेल तर शून्य रुंदीची मोकळी जागा, आणि सी२-ए० असेल तर न तुटणारी. या लिंका खरंच तुटलेल्या आहेत, त्या पानातच दुरुस्त करायच्या. स्क्रिप्टने ही शेपटं गुपचूप छाटून 'ठीक' म्हणणं चूक, कारण वाचकाचा ब्राउझर ती छाटत नाही.

डॉट भारत डोमेनही आता दिसतात. २०१४ पासून देवनागरीत नोंदणी होते. पायथनमधलं अंगभूत आयडीएनए (इंग्रजीबाहेरच्या लिपींतली डोमेन नावं हाताळणारं) २००३ च्या नियमांवर चालतं, वेगळी बसवायची आयडीएनए लायब्ररी २००८ च्या. जोडक असलेल्या नावांचं या दोघांत जमत नाही. लायब्ररीवालं वापरा, रिक्वेस्ट्स तेच वापरतं.

पत्ते जोडताना

सापेक्ष लिंक (अर्धाच पत्ता दिलेली) पायथनच्या यूआरएलजॉइनने जोडताना शेवटच्या तिरक्या रेघेवर सगळं अवलंबून. '/मुंबई/लोकल' या पानावर 'भाडे' अशी लिंक असेल तर उत्तर '/मुंबई/भाडे'. तेच पान '/मुंबई/लोकल/' असेल तर '/मुंबई/लोकल/भाडे'. सर्व्हरने पहिल्यावरून दुसऱ्याकडे वळवलं आणि स्क्रिप्टने जोडायला मूळ पत्ताच घेतला, की त्या पानावरच्या सगळ्या सापेक्ष लिंका एकदम मरतात. जोडायला नेहमी उत्तरातला शेवटचा पत्ता घ्या, आणि पानात बेस टॅग (कशाला जोडायचं ते सांगणारा) असेल तर तो आधी. एकाच पानावरच्या झाडून सगळ्या लिंका तुटल्या असा अहवाल आला की इथेच चूक असते.

मेलटू, टेल, जावास्क्रिप्ट, डेटा यांनी सुरू होणाऱ्या लिंका सोडून द्या. हॅशनंतरचा भाग सर्व्हरला पाठवायचा नसतो. तो काढून पान आणा, मग पानात त्या नावाचा आयडी आहे का बघा. नुसता हॅश आणि हॅश-टॉप कायम वैध.

फेरी संपतच नसेल तर कुठेतरी कॅलेंडर आहे. 'पुढचा महिना' या लिंकेला अंत नसतो. खोलीची मर्यादा घाला, आणि स्वतःलाच हाक मारणाऱ्या फंक्शनऐवजी पायथनच्या डेक या रचनेची रांग वापरा, नाहीतर पायथन हजार पातळ्यांच्या आसपास हात टेकतं.

आता ती राहिलेली तिसरी परीक्षा. नसलेल्या पानाला २०० देणारी संकेतस्थळं बरीच असतात: 'क्षमस्व, पान सापडले नाही' असं लिहायचं आणि आकडा मात्र यशाचा. काही जण मुखपृष्ठावर वळवतात. यावर एक उपाय बऱ्यापैकी चालतो. प्रत्येक बाहेरच्या होस्टला एकदाच एक बनावट पत्ता विचारा. ४०४ आलं तर तो होस्ट प्रामाणिक. २०० आलं तर त्या पानाचं शीर्षक आणि अंतिम पत्ता लक्षात ठेवा, आणि त्या होस्टवरची ज्या लिंकेची हीच जोडी येईल ती संशयित धरा. शिवाय लांबलचक पत्ता मागितला आणि शेवटी नुसतं मुखपृष्ठ हाती आलं, तर तीही संशयितच.

अपवाद पकडणारी ओळ एकदा डोळ्यांखालून घाला. 'काहीही चूक आली की तुटकी' असं लिहिलेलं असेल तर तुमच्या स्वतःच्या कोडमधली चूकही लिंकेच्या नावावर खपते. डीएनएस, टाइमआउट, प्रमाणपत्र, फार रीडायरेक्ट्स यांचे अपवाद वेगवेगळे पकडा. बाकीचे उघड कोसळू द्या.

निकालाचे खाने चार पुरेत. मेली: ४०४, ४१०, डीएनएस नाही. आजारी: ५०० ते ५९९ मधले आकडे आणि टाइमआउट. अडवली: ४०१, ४०३, ४२९, ९९९. हलली: ३०१ किंवा ३०८, म्हणजे चालते पण पत्ता बदलून घ्या. आजारी लिंक सलग तीन दिवस आजारीच राहिली तरच मेलेल्यांत टाका. रविवारी कुठला ना कुठला सर्व्हर दुरुस्तीला काढलेला असतोच. ४१० मात्र पहिल्याच दिवशी, कारण तिथे मालकानेच 'पान कायमचं काढलं' असं सांगितलंय.

अहवालात नुसता मेलेला पत्ता देऊन भागत नाही. तो कोणत्या पानावर आहे, कोणत्या शब्दांवर लिंक दिलीय, कारण काय, आणि इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (जुन्या पानांच्या साठ्यात) त्याची प्रत आहे का, एवढं एका ओळीत हवं. प्रत आहे का हे विचारायला त्यांचा अव्हेलेबल नावाचा एपीआय (स्क्रिप्टने विचारायची सोय) आहे, तो जवळात जवळच्या तारखेची प्रत सांगतो. पत्ते माणसाला वाचता यावेत म्हणून टक्क्यांचं पुन्हा देवनागरी करून लिहा, शेजारच्या स्तंभात मूळ एन्कोड केलेलं रूप राहू द्या. टंकनभेद त्या स्तंभातच दिसतो. आणि सीएसव्ही यूटीएफ-८-सिग (सुरुवातीला ओळखीची खूण असलेलं यूटीएफ-८) या एन्कोडिंगने लिहा. नुसत्या यूटीएफ-८ ने लिहिलीत तर एक्सेल डबल क्लिकवर ती फाइल उघडून मराठीचा चिवडा करून दाखवतं, आणि ज्यांनी लिंका दुरुस्त करायच्या ते म्हणतात, तुमची स्क्रिप्टच बिघडलीय.